संगणकावर पायथन बसविताना येणाऱ्या अडचणी व त्यांचे निवारण

(प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



आज माझ्याकडे सोपविलेला विषय वरवर पाहता कारागिराचा वाटेल. संगणकावर प्रोग्रामिंगची एखादी भाषा चालावी म्हणून जे साधन अगोदर बसवावे लागते, ते नीट बसले नाही तर काय करावे, एवढाच हा विषय आहे. शहरातील शाळेत असा प्रसंग आला तर दुरुस्ती करणाऱ्यास निरोप धाडला की काम भागते. खेड्यातील शाळेत मात्र तो तालुक्याहून यावयाचा असतो, त्याला आठ-पंधरा दिवस लागतात, आणि आल्यावर तोही पुष्कळदा सगळे पुसून यंत्र नव्याने मांडून देतो. त्यात मुलांनी केलेले काम जाते ते जातेच. म्हणून पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटते, तिचा अर्थ लागत नाही, आणि संगणकावर कापड पांघरून तो कोपऱ्यात ठेवला जातो, असे घडते. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात प्रोग्रामिंगचे उपक्रम सुरू करावेत असे म्हटले आहे. पण सहावीतील मुलास सहावीचे वर्ष पुन्हा मिळत नाही. ते वर्ष एका न वाचलेल्या ओळीपायी जाऊ नये, एवढ्याकरिता हा विषय शिक्षकानेच हाती घेणे अवश्य आहे, असे माझे नम्र मत आहे.

प्रथम आपण काय बसवितो ते समजून घेऊ. संगणकाच्या मध्यवर्ती भागाला शून्य आणि एक ह्या दोन खुणांखेरीज अन्य भाषा कळत नाही. मनुष्याने त्या खुणांत लिहिणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणून मनुष्यास वाचता येईल अशा भाषेत आज्ञा लिहावयाच्या आणि मध्ये एक दुभाषी बसवावयाचा, अशी योजना केलेली असते. हा दुभाषी आपली आज्ञा वाचतो आणि यंत्राकडून ती करवून घेतो. तो हजर नसेल तर कितीही बिनचूक लिहिलेली आज्ञावली केवळ मजकूर म्हणून पडून राहते. पायथन ही अशीच एक भाषा, आणि तिच्या दुभाष्यासही पायथनच म्हणतात. नेदरलँड्सचे गिडो व्हॅन रोसम ह्यांनी ॲमस्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या संशोधनसंस्थेत काम करीत असताना १९८९ च्या अखेरीस ती रचावयास घेतली आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. नाव अजगराचे असले तरी ते त्यांनी एका इंग्रजी विनोदी दूरचित्रवाणी कार्यक्रमावरून घेतले आहे. ही भाषा विनामूल्य मिळते, आणि मुलांस शिकविण्यास सोपी म्हणून जगभर शाळांतून वापरली जाते. उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालीत तिचा दुभाषी बहुधा आधीच बसविलेला असतो. विंडोज प्रणालीत तो आपणास आणून बसवावा लागतो, आणि बहुतेक अडचणी येथेच उद्भवतात.

आता अडचण आली असता पाळावयाचा पहिला नियम सांगतो. पडद्यावर जो संदेश येईल तो जसाच्या तसा, अक्षर न् अक्षर, वहीत उतरून घ्यावा. ‘काहीतरी एरर आला’ ही नोंद निरुपयोगी होय. रोगी वैद्यास ‘काहीतरी दुखते’ एवढेच सांगेल तर वैद्याने औषध कशावर द्यावे? संदेशातील एकेक शब्द हा पुरावा असतो, आणि खिडकी बंद करताच तो नाहीसा होतो. दुसरा नियम असा की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदलल्यावर पुन्हा पडताळून पाहावे. तीन उपाय एकदम केले आणि काम झाले, तर त्यांपैकी कोणत्या उपायाने झाले हे कळत नाही. पुढील वर्षी दुसऱ्या यंत्रावर तीच अडचण आली की आपण पुन्हा होतो तेथेच.

हे दोन नियम सांभाळून आपण चार प्रश्न क्रमाने विचारावेत. हे यंत्र कोणते आहे? आणलेली वस्तू पूर्ण व ह्या यंत्राजोगी आहे काय? ती बसविण्याचा अधिकार आपणांस आहे काय? आणि ती बसली असल्यास, कोठे बसली हे यंत्रास ठाऊक आहे काय? हा क्रम सोडू नये, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसताना चौथ्याच्या मागे लागणे म्हणजे विहिरीत पाणी आहे की नाही हे न पाहता रहाट दुरुस्त करणे होय.

पहिला प्रश्न यंत्राचा. कळफलकावरील विंडोजची खूण असलेली कळ व ‘आर’ ही कळ एकत्र दाबावी. जी लहान चौकट उघडते तीत ‘विनव्हर’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून ‘एंटर’ दाबले म्हणजे विंडोजची कोणती आवृत्ती आहे ते दिसते. शाळांस मिळालेल्या जुन्या यंत्रांवर पुष्कळदा विंडोज ७ असते. त्या प्रणालीची अधिकृत देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. पायथनची ३.८ ही विंडोज ७ वर बसणारी शेवटची आवृत्ती. ३.९ व तिच्यापुढील आवृत्त्या तेथे बसण्यास नकार देतात; ३.१३ पासून पुढे तर विंडोज १० किंवा त्यानंतरची प्रणाली हवी. म्हणजे सर्वांत नवी आवृत्ती आणून ती पुनःपुन्हा बसवीत राहणे हे अशा यंत्रावर व्यर्थ श्रम होत. यंत्र बिघडलेले नसते, आपला आग्रह चुकीचा असतो. येथे आणखी एक खाचखळगा आहे. ३.८ मालिकेच्या अखेरच्या कित्येक आवृत्त्या केवळ मूळ संहितेच्या रूपात निघाल्या आणि त्यांना विंडोजसाठी तयार इन्स्टॉलर नाही. तयार इन्स्टॉलर असलेली शेवटची आवृत्ती ३.८.१० ही होय. तिची नोंद करून ठेवावी.

यंत्र ३२ बिटचे की ६४ बिटचे, हेही ह्याच वेळी पाहावे. विंडोज ७ मध्ये ‘कंप्युटर’ ह्या चित्रावर माउसची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ निवडले, किंवा विंडोज १० मध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टिम’ व त्यातील ‘अबाउट’ उघडले, की ‘सिस्टिम टाइप’पुढे ते लिहिलेले आढळते. ६४ बिटचा इन्स्टॉलर ३२ बिटच्या विंडोजवर चालत नाही. ३२ बिटचा मात्र सामान्य घरगुती वा शालेय संगणकावर दोहोंकडे चालतो. म्हणून अनेक शाळांसाठी एकच फाइल पेन ड्राइव्हवर न्यावयाची असेल तर ३२ बिटची न्यावी.

दुसरा प्रश्न वस्तूच्या पूर्णतेचा. इन्स्टॉलर पायथनच्या स्वतःच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. तो साधारणपणे ३० एमबीच्या आतबाहेर असतो. गावात नेट मध्येच तुटते आणि फाइल अर्धवट उतरते. अशी अर्धवट फाइल उघडली तर नाना प्रकारचे विचित्र संदेश येतात आणि दोष यंत्रास लागतो. संकेतस्थळावर प्रत्येक फाइलीपुढे तिचा आकार दिलेला असतो. आपल्याकडील फाइलीचा आकार त्याच्याशी ताडून पाहावा. दुकानातून आणलेले धान्य आपण मोजून घेतो, तसेच हे आहे. अलीकडे ‘इन्स्टॉल मॅनेजर’ नावाची नवी सोयही मिळते, परंतु ती पायथन त्या वेळी नेटवरून उतरवून घेते. जेथे नेट नाही अशा शाळेसाठी संपूर्ण इन्स्टॉलरच बरा.

विंडोज ७ वर आणखी एक संदेश दिसतो. ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ अशा अक्षरांनी आरंभ होणारी, ‘डीएलएल’ ह्या अक्षरांनी संपणारी फाइल सापडत नाही, असे तो म्हणतो. ह्याचा अर्थ इतकाच की, पायथन ज्या पायावर उभे राहते तो विंडोजचा एक सामायिक भाग त्या जुन्या यंत्रात नाही. त्यावर उपाय म्हणजे विंडोज ७ चा ‘सर्व्हिस पॅक १’ व त्यानंतरच्या सुधारणा बसविणे. हा भाग पुरविणारी सुधारणा ‘केबी २९९९२२६’ ह्या क्रमांकाची आहे. ती एकटी फाइल कोठल्यातरी अनोळखी संकेतस्थळावरून आणून यंत्रात टाकण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. अशा फाइलींबरोबर काय येईल ह्याचा नेम नसतो, आणि शाळेच्या संगणकावर पुष्कळदा पटाची माहितीही असते.

तिसरा प्रश्न अधिकाराचा. बसविताना यंत्र व्यवस्थापकाचा पासवर्ड मागते, आणि तो बदलून गेलेल्या शिक्षकांपाशी किंवा यंत्र पुरविणाऱ्यापाशी राहिलेला असतो. येथे बहुतेक जण थांबतात. वास्तविक पायथन केवळ आपल्या खात्यापुरते बसविता येते आणि त्यास व्यवस्थापकाची परवानगी लागत नाही. इन्स्टॉलरच्या पहिल्या खिडकीत ‘सर्वांसाठी लाँचर बसवा’ अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ असते आणि तिच्यापुढे आधीच खूण केलेली असते. ती खूण काढली म्हणजे पासवर्डाची मागणी बहुधा थांबते. मात्र एक ध्यानात असावे. अशा रीतीने एका खात्यात बसविलेले पायथन दुसऱ्या खात्यात दिसत नाही. शिक्षकांच्या खात्यात चालते आणि विद्यार्थ्यांच्या खात्यात चालत नाही, ह्याचे कारण पुष्कळदा हेच असते. ज्या खात्यात मुले बसणार, त्याच खात्यात शिरून ते बसवावे.

आता चौथा प्रश्न, आणि सर्वांत अधिक घोटाळा येथेच होतो. इन्स्टॉलर ‘यशस्वी’ म्हणून सांगतो. आपण ‘कमांड प्रॉम्प्ट’ नावाची काळी खिडकी उघडून पायथन हा शब्द लिहितो, आणि उत्तर येते की, हा शब्द अंतर्गत किंवा बाह्य आज्ञा म्हणून ओळखीचा नाही. नवखा मनुष्य समजतो, बसलेच नाही. पण तसे नसते.

शाळेतील उदाहरण घेऊ. मुख्याध्यापकांनी शिपायास सांगितले, ‘नव्या गुरुजींना बोलावून आण.’ शिपायाजवळ खोल्यांची एक यादी आहे. तो त्या यादीच्या क्रमाने एकेका खोलीत डोकावतो, आणि जेथे त्या नावाचा मनुष्य प्रथम भेटेल तेथून त्यास घेऊन येतो. नवे गुरुजी हजर आहेत, परंतु त्यांची खोली यादीत लिहिलेली नाही. शिपाई परत येऊन सांगतो, ‘असे कोणी नाहीत.’ तो खोटे बोलत नाही. त्याच्या यादीपुरते ते खरेच आहे. संगणकातील ह्या यादीस ‘पाथ’ म्हणतात. इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत तळाशी ‘ॲड पायथन टु पाथ’ अशा शब्दांची चौकट असते आणि तिच्यात आपोआप खूण केलेली नसते. घाईने पुढे गेल्यास ती राहून जाते. राहिलीच, तर पुसून टाकून पुन्हा आरंभ करण्याचे कारण नाही. तोच इन्स्टॉलर पुन्हा उघडावा, ‘मॉडिफाय’ निवडावे, पुढील खिडकीत पायथन ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’मध्ये घालण्याच्या ओळीपुढे खूण करावी आणि काम पुरे करावे. त्यानंतर काळी खिडकी बंद करून नवी उघडावी, कारण आधी उघडलेल्या खिडकीजवळ जुनीच यादी असते. ह्या शेवटच्या लहानशा गोष्टीपायी कित्येकांचा तास वाया जातो.

यादीचा क्रमही महत्त्वाचा आहे, हे शिपायाच्या उदाहरणावरून ध्यानी आलेच असेल. यंत्रावर दोन आवृत्त्या असतील तर यादीत आधी असणारीच हाक ऐकून उभी राहते, आणि आपण बसविलेली मागे राहते. विंडोज १० व ११ मध्ये तर पायथन हा शब्द लिहिताच दुकानाची खिडकी उघडते, किंवा पायथन सापडले नाही, ते मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून घ्या, असा संदेश येतो. तेथे खऱ्या पायथनच्या आधी त्याच नावाची एक केवळ वाट दाखविणारी पाटी उभी केलेली असते. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ॲप एक्झिक्युशन एलियासेस’ शोधून पायथनच्या नावापुढील कळा बंद केल्या की ती पाटी दूर होते. कोण उभे आहे हे पाहण्यास ‘व्हेअर’ हा शब्द, एक जागा सोडून पायथन हा शब्द लिहावा. ज्या ज्या ठिकाणी त्या नावाचे काही आहे ते ठिकाण क्रमाने दिसते. ‘पी’ आणि ‘वाय’ ही दोनच अक्षरे लिहूनही पाहावे. इन्स्टॉलरसोबत येणारा लाँचर त्या नावाने हाक ऐकतो. त्याने उत्तर दिले तर पायथन बसलेले आहे आणि दोष केवळ यादीचा आहे, असा निष्कर्ष निघतो.

उबुंटू वापरणाऱ्या शाळांसाठी दोन शब्द. तेथे नुसते पायथन लिहून भागत नाही. पायथन आणि त्याला लागून ३ हा आकडा लिहावा लागतो. चित्रे काढणारे ‘टर्टल’ चालविताना ‘टीकिंटर’ नावाचा भाग नाही असा संदेश आला, तर तो भाग तेथे वेगळा बसवावा लागतो, एवढेच समजावे.

सर्व बसूनही दोष भासतो, असे एक-दोन प्रकार आहेत. मुले ‘टर्टल’चा पाठ करतात आणि आपल्या फाइलीसही कौतुकाने टर्टल हेच नाव देतात. मग पायथन खऱ्या टर्टलऐवजी मुलाची फाइलच उचलते आणि चित्र निघत नाही. पायथन पुन्हा बसवून हा दोष जात नाही; फाइलीचे नाव बदलले की जातो. तसेच, ‘नोटपॅड’मध्ये लिहिलेली फाइल साठविताना तिच्या नावाअखेर ‘टीएक्सटी’ ही अक्षरे नकळत चिकटतात आणि दुभाषी तिला आज्ञावली म्हणून उघडीत नाही. पायथनबरोबर येणारा ‘आयडल’ नावाचा संपादक वापरला म्हणजे हा उपद्रव होत नाही.

काम पुरे झाले हे ठरविण्यासाठी तीन कसोट्या लावाव्या. पहिली, आवृत्तीचा क्रमांक विचारून तो वहीत लिहावा. दुसरी, एक बेरीज करवून घ्यावी. तिसरी, आयडलमध्ये एक मराठी ओळ छापून पाहावी. काळ्या खिडकीत देवनागरी अक्षरे विस्कळीत दिसली किंवा त्यांच्या जागी चौकोन दिसले, तर तो दोष खिडकीचा आहे. आयडलमध्ये तीच ओळ नीट दिसावी. पायथनच्या तिसऱ्या मालिकेत चलास ‘वय’ किंवा ‘नाव’ असे देवनागरी नाव देता येते. मुलाने उत्तरादाखल आपले वय ‘१०’ असे मराठी अंकात लिहिले, तरी ‘इंट’ ह्या आज्ञेने पायथन त्याची संख्या करून घेते. आज्ञावलीच्या मजकुरात मात्र संख्या इंग्रजी अंकांतच लिहावी लागते. आपल्या लिपीतील आपले नाव यंत्राने परत दाखविले, म्हणजे ही वस्तू परक्याची नसून आपलीही आहे, हे मुलास वेगळे सांगावे लागत नाही.

आता शेवटचा व मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. ही सारी खटपट शाळा सुटल्यावर, दार लावून, एकट्याने करू नये. गुरुजींपुढेही यंत्र अडते हे मुलांस दिसले तर मान कमी होईल, अशी शंका मनात येते. तिला जागा देऊ नये. एका मुलाने संदेश अक्षरशः वाचावा, दुसऱ्याने फळ्यावर लिहावा, तिसऱ्याने शब्दकोशात अर्थ पाहावा. ‘नॉट रेकग्नाइज्ड’ म्हणजे ‘ओळखले नाही’ हे कळताच, ‘मग त्याला ओळख कोण करून देईल?’ असा प्रश्न कोणीतरी विचारतेच. तेथून शिपायाची यादी फार दूर नाही. विज्ञानाच्या पुस्तकात आपण निरीक्षण, तर्क, पडताळा असे शब्द शिकवितो; त्यांचा असा जिवंत वस्तुपाठ, तोही विनाखर्च, अन्यत्र क्वचितच मिळेल. आणि अडलेल्या गोष्टीपुढे मोठे माणूस चिडत नाही, लाजत नाही, शांतपणे एकेक कारण वगळीत जाते, हे पाहिलेले मूल गणितातही तसेच वागू लागते.

म्हणून माझी आपणांस एवढीच विनंती आहे. प्रत्येक शाळेत संगणकाजवळ एक जाड नोंदवही दोरीने बांधून ठेवावी. तीत यंत्राची विंडोज-आवृत्ती, बिट, पायथनची आवृत्ती, आलेला प्रत्येक संदेश आणि ज्या उपायाने तो गेला तो उपाय, तारखेसह लिहावा. महिन्याच्या शिक्षण परिषदेत ती वही बरोबर आणावी आणि एका शाळेचा उपाय दुसरीने उतरून घ्यावा. योग्य इन्स्टॉलरची एक प्रत केंद्रशाळेत पेन ड्राइव्हवर जपून ठेवावी. आणि ज्या शाळेत यंत्रावर आज कापड पांघरलेले असेल, तेथे ते येत्या सोमवारी सहावीच्या मुलांकरवी काढवावे आणि पडद्यावरची पहिली ओळ त्यांच्याकडूनच वाचून घ्यावी.